विंचू, एक गोळी आणि रात्रपाळीचा डॉक्टर

आपत्कालीन वैद्यकाचा इतिहास सांगायचा म्हटलं की आपण सहसा मोठ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांपासून सुरुवात करतो. आज आपण महाड तालुक्यातल्या बिरवाडीपासून करू. प्रश्न एवढाच धरू: पदवी घेऊन कामाला लागलेल्या डॉक्टरपर्यंत नवं ज्ञान पोचतं कसं? आणि पोचेपर्यंत काय होतं?

कोकणात लाल विंचू पेंढ्यात सापडतो, लाकडांच्या ढिगात, जांभ्याच्या गडग्यात, कधी चपलेत. पुष्कळांना दंशानंतर नुसती वेदना होते आणि ती आपोआप ओसरते. विंचू उतरवणाऱ्याचं नाव होतं ते या मंडळींच्या जोरावर. पण काहींना, विशेषतः लहान मुलांना, थोड्या वेळात उलट्या सुरू होतात, अंग घामानं भिजतं, हातपाय गार पडतात. मग धाप लागते, तोंडाला गुलाबी फेस येतो. फुप्फुसात पाणी भरलेलं असतं. त्या काळातल्या नोंदींमध्ये अशा गंभीर रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के दगावलेले दिसतात.

१९७६च्या सुमारास डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तेव्हा पुस्तकातला उपचार काय होता? स्टेरॉइड, अ‍ॅलर्जीची औषधं, गुंगी आणणाऱ्या इंजेक्शनांचं मिश्रण आणि घाम-लाळ थांबवायला अ‍ॅट्रोपिन. हे सगळं नेकीनं दिलं जात होतं बरं का, निष्काळजीपणानं नव्हे. तरी मुलं जात होती.

बावस्करांनी केलेली पहिली गोष्ट अगदी साधी दिसते. रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, हातापायांचा गारवा यांच्या नोंदी ठेवायच्या. त्यातून १९८२ साली ‘द लॅन्सेट’मध्ये त्यांचा लेख आला. हृदयावर परिणाम होणार हे आधी कशावरून ओळखायचं, तो त्याचा विषय. उलटी, घाम, गार हातपाय, पुरुषांत लिंगाची ताठरता. बघा, यातल्या एकाही खुणेला यंत्र लागत नाही. ज्या केंद्रात ईसीजी नाही, तिथल्या डॉक्टरलाही हात लावून कळेल अशा या खुणा आहेत.

आता शरीरात काय होतं ते थोडं समजून घेऊ. विषामुळे नसा अनावर होतात आणि अ‍ॅड्रेनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा रक्तात येतो. रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हातपाय गार. बंद दरवाज्यावर धडका द्याव्यात तसं हृदय रक्त ढकलत राहतं, शेवटी थकतं आणि पाणी फुप्फुसात साठतं. अशा वेळी अ‍ॅट्रोपिन दिलं की हृदयाला जो थोडाफार लगाम असतो, तोही सुटतो. म्हणजे घाम थांबवण्याच्या नादात आपण आगीत तेल ओतत होतो.

उपाय निघाला रक्तदाबाच्या एका गोळीत: प्राझोसिन. ती आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्येच हे अनुभव छापून आले. गोळी स्वस्त, तोंडानं द्यायची, हातपाय गरम होईपर्यंत ठरावीक तासांनी पुन्हा द्यायची, आणि रक्तदाब एकदम उतरू नये म्हणून रुग्णाला झोपवून ठेवायचं. ज्यांना ती वेळेत मिळाली, त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण १-२ टक्क्यांच्या आसपास उतरलं.

पण आपल्या मूळ प्रश्नाचं काय? ‘लॅन्सेट’ लंडनहून निघतं. रात्री दोन वाजता बैलगाडीतून मूल घेऊन आलेल्या आईसमोर जो डॉक्टर उभा आहे, त्याच्या टेबलावर ते नसतं. त्याच्या डोक्यात असतं कॉलेजातलं पुस्तक, आणि त्यात अ‍ॅट्रोपिन असतं. नवं शिकण्यापेक्षा जुनं विसरणं अवघड, आणि ते नुसत्या छापील लेखानं होत नाही. कुणीतरी समोर उभं राहून, नोंदी दाखवून, ‘हे देऊ नका’ असं सांगावं लागतं.

योगायोग असा की त्याच १९७६च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या नेब्रास्कात जेम्स स्टायनर या अस्थिशल्यचिकित्सकाचं छोटं विमान शेतात कोसळलं. पत्नी जागीच गेली, मुलं जखमी. जवळच्या छोट्या रुग्णालयात मिळालेले उपचार पाहून ते हादरले. त्यातून गावाकडच्या डॉक्टरांसाठी एक अभ्यासक्रम उभा राहिला: आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण, आणि हे सगळं हातानं करून दाखवायचं. १९७८ साली तो पहिल्यांदा घेतला गेला, १९८० साली अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सनं स्वीकारला. आज जगभर तो ‘एटीएलएस’ म्हणून ओळखला जातो.

आपल्याकडे व्यवस्था उशिरा आली. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांत पाच वर्षांत ३० तासांचं निरंतर शिक्षण सांगितलं गेलं. आपत्कालीन वैद्यकाला स्वतंत्र विषय म्हणून मान्यता मिळाली २००९ साली. ३० तास भरायला हॉटेलातली व्याख्यानं आणि जेवणही पुरतं, हे इथे ऐकणाऱ्या डॉक्टरांना आम्ही सांगायला नको! तास मोजता येतात. गार हात ओळखता येतो का, हे कुणी मोजत नाही.

आणि विंचवाची गोष्ट १९८६ला थांबलीही नाही. २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये महाडचीच एक चाचणी छापून आली. ७० रुग्ण. ३५ जणांना नुसतं प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिन आणि विंचवाची प्रतिविष लस. १० तासांत लक्षणं पूर्ण गेली ती पहिल्या गटात ८ जणांची, दुसऱ्या गटात ३२ जणांची. चाचणी करणारे पुन्हा बावस्कर दांपत्यच. ज्यांनी प्राझोसिन रुजवलं, त्यांनीच ते एकटं पुरेसं नाही हे दाखवलं, आणि ज्या डॉक्टरांनी एवढ्या वर्षांत पहिला धडा पाठ केला होता, त्यांना तो बदलायला पुन्हा बसावं लागलं.

आता प्रश्न घेऊ. लशीच्या मात्रेबद्दल दोघांनी आधीच विचारलंय, तिथून सुरू करू.