डोळ्यातील औषधी कांडी घसरल्यास...

मधुमेहामुळे किंवा रक्तवाहिनी तुंबल्यामुळे नेत्रपटलाच्या मध्यभागी सूज येते आणि दृष्टी मंदावते. त्यावरील एक उपचार म्हणजे डोळ्याच्या मागील पोकळीत हळूहळू औषध सोडणारी कांडी बसविणे. ‘ओझर्डेक्स’ ही कांडी सुमारे ६ मिलिमीटर लांब असून तिच्यात ०.७ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड असते. अमेरिकेत तिला २००९ मध्ये मान्यता मिळाली. औषधाबरोबर कांडीही विरघळत असल्याने ती सहसा काढावी लागत नाही.

मात्र मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत भिंगामागील आवरण फाटले असेल किंवा डोळ्यात भिंगच नसेल, तर कांडी बाहुलीतून पुढील कप्प्यात घसरू शकते. तेथे ती पारपटलाच्या, म्हणजे बुबुळावरील पारदर्शक थराच्या, आतील पेशींना इजा करते. या पेशी पुन्हा निर्माण होत नाहीत. विलंब झाल्यास पारपटल कायमचे धूसर होऊन नेत्ररोपणाची वेळ येऊ शकते.

काही वेळा रुग्णाला उताणे झोपवून, बाहुली मोठी करून कांडी मागे सरकविता येते. परंतु ती पुन्हा पुढे येऊ शकते. पारपटलाला सूज आली असेल, तर ती काढणेच इष्ट ठरते. शस्त्रक्रियेत प्रथम औषधाने बाहुली आकुंचित करतात, जेणेकरून कांडी मागे निसटू नये. पेशींच्या रक्षणासाठी कप्प्यात घट्ट, पारदर्शक द्रव भरतात आणि बुबुळाच्या कडेजवळील छेदातून कांडी बाहेर घेतात. विरघळू लागलेली कांडी ठिसूळ असते. चिमट्यात दाबल्यास तिचे तुकडे होतात. त्यामुळे ती अलगद धरावी लागते किंवा नळीने ओढून घेतात. शेवटी भरलेला द्रव पूर्ण काढतात, अन्यथा डोळ्यातील दाब वाढतो.

२००५ मध्ये मान्यता मिळालेल्या ‘रेटिसर्ट’ची बाब निराळी आहे. टाक्याने बसविलेले हे साधन विरघळत नाही. काढताना त्याची औषधाची वाटी दांडीपासून सुटून डोळ्यात मागे पडू शकते. म्हणून केवळ दांडी न ओढता वाटीही धरावी लागते.

कांडी बसविल्यावर अचानक धूसर दिसणे, लाली, वेदना किंवा बुबुळासमोर पांढरी काडी दिसणे, यांपैकी काहीही आढळल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना गाठावे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कांडी बसविण्यापूर्वीच डोळ्याच्या जुन्या शस्त्रक्रियांची कागदपत्रे त्यांना दाखवावीत.