गहाण ठेवलेला कुत्रा

नागपूरहून साकोली-देवरीवरून राजनांदगाव आणि रायपूर ह्यांकडे जाणारा रस्ता आज मोटारींचा झाला आहे. परंतु आगगाडी येण्यापूर्वी छत्तीसगडचे धान्य आणि तिकडे जाणारे मीठ ह्यांची ने-आण मुख्यत्वे लमाणांच्या बैलांवर होत असे. आजचा गोंदिया जिल्हा (तो १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा निघाला) ह्याच टापूत आहे. तांड्याचा मुक्काम पडला म्हणजे गोण्या उतरवून त्यांची भिंत रचीत व राखणीस कुत्रे सोडीत. नागपूर-छत्तीसगड रेल्वे झाली आणि बैलांचा हा व्यापार बसला. कुत्र्याची एक कथा मात्र मागे राहिली.

ही कथा छत्तीसगडातील बालोद जिल्ह्यात खपरी येथे कुकुरदेवाच्या देवळाशी निगडित आहे. पैशाच्या अडचणीत सापडलेल्या एका बंजाऱ्याने आपला कुत्रा सावकाराकडे गहाण ठेविला. पुढे सावकाराच्या घरी चोरी झाली. चोरांनी माल तळ्यात दडविला, तो कुत्र्याने पाहिला होता. सकाळी त्याने सावकारास तेथे नेले. सावकाराने प्रसन्न होऊन कर्ज फिटल्याची हकीकत कागदावर लिहिली, ती कुत्र्याच्या गळ्यात बांधिली आणि त्यास घरी धाडिले. धनी दिसताच कुत्रा धावत आला. 'गहाण मोडून पळाला, माझा शब्द घालविला,' असे समजून बंजाऱ्याने काठीने त्याचा जीव घेतला. कागद मागाहून वाचला. डिंडोरीकडील कुकुर्रामठासंबंधानेही अशीच कथा सांगतात, आणि तेथील शिवास ऋणमुक्तेश्वर असे नाव आहे.

इतिहास म्हणून ह्या कथेस पुरावा नाही, हे उघड आहे. वेल्समधील गेलर्ट कुत्र्याची आणि आपल्या पंचतंत्रातील ब्राह्मणीच्या मुंगसाची गोष्ट वाचकांस आठवेल. परंतु त्या दोहोंत एक भेद आहे. तेथे तोंडास रक्त लागलेले होते. पाहणाऱ्याची चूक निदान समजण्याजोगी होती. येथे कुत्र्याचा अपराध एवढाच की, तो आपल्या माणसाकडे आला. म्हणून मला बंजाऱ्याची कथा अधिक कठोर वाटते, आणि अधिक खरीही.

गळ्यात चिठ्ठी घेऊन धन्याकडे परतणारे कुत्रे पहिल्या महायुद्धात प्रत्यक्ष कामास लागले. १९१७ साली इंग्लंडात शूबरीनेस येथे कर्नल रिचर्डसन ह्यांच्या देखरेखीखाली युद्धश्वानांची शाळा निघाली. आघाडीवरून सोडलेला कुत्रा तोफांच्या भडिमारातून मागे आपल्या रक्षकाकडे पोहोचावा, ही तेथील विद्या. हे काम धाकाने साधत नाही, असे रिचर्डसनचे मत होते. चुकलेल्या कुत्र्यास मारू नये, तेच काम पुन्हा करवून घ्यावे, असा त्याचा शिरस्ता होता. जर्मनीत कॉनराड मोस्टच्या १९१० च्या पुस्तकात सक्तीस मोठे स्थान होते, आणि तीच पद्धत पुढे पुष्कळ वर्षे जगभर चालली. तिला खरा शह अलीकडे बसला. योग्य कृत्य घडताच तत्क्षणी खाऊ अथवा शाबासकी द्यावी, ही पद्धती आता चांगले शिक्षक वापरतात.

तिचे कारण भावुक नाही. कुत्रा शिक्षेची सांगड तासाभरापूर्वीच्या खोडीशी घालीत नाही. त्या क्षणी तो जे करीत असतो त्याच्याशी घालतो. दार उघडे सापडून निसटलेला कुत्रा चार हाकांनंतर परत आला आणि धन्याने त्यास झोडपले, तर 'पळू नये' हा धडा त्यास मिळत नाही. 'हाक आली असता जाऊ नये' हा मिळतो. आपल्या सुशिक्षित घरांतून हा प्रकार रोज घडतो, आणि वर कुत्र्याचे शेपूट वाकडे ते वाकडेच, ही म्हण ऐकविली जाते! शेपटीचा ह्यात काय दोष आहे, ते मला कधी कळलेले नाही. सावकारास मात्र कुत्र्याची भाषा समजली; तो ओढीत होता तिकडे त्याच्यामागे चालत गेला.

खपरीस आजही लोक येतात. कुत्र्याच्या चाव्याचे आणि डांग्या खोकल्याचे (हिंदीत त्यास कुकुरखांसीच म्हणतात) भय राहू नये म्हणून देवळास प्रदक्षिणा घालतात. चावा झालेल्याने प्रथम जखम साबणपाण्याने चांगली धुवावी आणि लस टोचून घेण्यासाठी तडक दवाखाना गाठावा, एवढे येथे सांगणे प्राप्त आहे. प्रदक्षिणा मागाहूनही घालता येते.