आश्रयाकडून हक्काकडे : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे शिक्षण आणि शिष्यवृत्तीचा प्रश्न (१९०७ ते १९४४)

प्रस्तावना :

उच्च शिक्षणाच्या इतिहासात विद्यापीठांची स्थापना, अभ्यासक्रम व पदवीधरांची संख्या यांची चर्चा विपुल प्रमाणात झाली आहे. विद्यार्थ्याने शिक्षणाचा खर्च कोठून आणि कोणत्या अटींवर भागविला, हा प्रश्न मात्र बहुधा दुय्यम राहिला. ज्या समाजाजवळ भांडवल नव्हते व पतही नव्हती, त्या समाजातील विद्यार्थ्याच्या बाबतीत हाच प्रश्न निर्णायक ठरत होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शैक्षणिक वाटचालीच्या आधारे या प्रश्नाचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

संस्थानिकांचा आश्रय :

१९०७ मध्ये भीमराव आंबेडकर मॅट्रिक उत्तीर्ण झाले. पुढील शिक्षणाचा भार पेलणे निवृत्त सुभेदार असलेल्या त्यांच्या वडिलांना कठीण जात होते. कृष्णराव अर्जुन केळुसकर यांच्या प्रयत्नांमुळे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षण पूर्ण होऊ शकले. फेब्रुवारी १९१३ मध्ये वडिलांचे निधन झाले. त्याच वर्षी बडोदा संस्थानने अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता मंजूर केली. त्यासाठी ४ जून १९१३ रोजी करारपत्रावर सही करावी लागली. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करणे, ही त्यातील प्रमुख अट होती.

सयाजीरावांचे औदार्य निर्विवाद होते. तथापि अशा साहाय्याच्या मर्यादाही लक्षात घेणे आवश्यक आहे. ते मिळण्यासाठी दरबारापर्यंत शब्द टाकणारा केळुसकरांसारखा हितचिंतक लागत असे. ज्याला असा हितचिंतक लाभला नाही, त्याची गुणवत्ता अज्ञातच राहत असे.

खंडित शिक्षण :

१९१५ मध्ये कोलंबियाची एम. ए. पदवी प्राप्त केल्यानंतर आंबेडकर १९१६ मध्ये लंडनला गेले. तेथे त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन येथे प्रवेश घेतला. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट सोडून त्यांना भारतात परतावे लागले. करारानुसार ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. तेथे त्यांना राहण्यास जागा मिळेना. पारशी धर्मशाळेतूनही जात उघड झाल्यावर त्यांना बाहेर काढण्यात आले. परदेशी पदवी असूनही निवारा मिळत नव्हता, हे या प्रसंगाने स्पष्ट झाले.

पुढे १९१८ ते १९२० या काळात मुंबईच्या सिडनेहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून त्यांनी काटकसरीने पैसे साठविले. ही शिल्लक, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेले पाच हजार रुपयांचे कर्ज यांच्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम. एस्सी. आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. या पदव्या त्यांनी मिळविल्या. पैशाअभावी मात्र सुमारे तीन वर्षांचा खंड पडला होता.

वसतिगृहापासून अर्थसंकल्पापर्यंत :

या अनुभवाचे प्रतिबिंब त्यांच्या सार्वजनिक कार्यात दिसून येते. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूर येथे वसतिगृह सुरू केले. केवळ शुल्क माफ करून भागत नाही, गावाबाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला अन्न व निवारा हवा, ही जाणीव त्यामागे होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहांची जी परंपरा निर्माण केली, तिच्याशी हे कार्य सुसंगत होते.

जुलै १९४२ मध्ये डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य झाले. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांविषयी व्हाइसरॉयना विस्तृत निवेदन सादर केले. त्यात विज्ञान व तंत्रशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी दोन लाख रुपये आणि परदेशी शिक्षणासाठी एक लाख रुपये यांची तरतूद करावी, अशी मागणी होती. १९४४ मध्ये केंद्र सरकारने अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू केली. स्वातंत्र्यानंतर १९४८-४९ पासून अनुसूचित जमातींनाही तिचा लाभ मिळू लागला.

निष्कर्ष :

१९१३ आणि १९४४ या दोन टप्प्यांतील फरक मूलभूत स्वरूपाचा आहे. पहिल्यात एका गुणी तरुणावर एका उदार राजाची कृपादृष्टी होती. दुसऱ्यात अपरिचित विद्यार्थ्यांच्या समूहाप्रती शासनाने स्वीकारलेले उत्तरदायित्व होते. शिष्यवृत्ती दानाच्या कक्षेतून अर्थसंकल्पाच्या कक्षेत आली. त्यामुळे ती मागताना कोणाच्या दारात उभे राहण्याची गरज उरली नाही, निदान तत्त्वतः तरी.

शिष्यवृत्तीचे मूल्यमापन करताना मंजूर रकमेबरोबरच ती वेळेवर मिळते काय, शिक्षण पूर्ण होईपर्यंत टिकते काय आणि विद्यार्थ्याच्या जेवणाखाण्याचा व राहण्याचा खर्च भागविते काय, हे पाहणे अगत्याचे ठरते. ज्या विद्यार्थ्याला कर्ज देणारा मित्र नाही, त्याच्यासाठी मध्येच थांबलेली शिष्यवृत्ती म्हणजे बहुधा कायमचे थांबलेले शिक्षण होय.