लेखननियमांची सहमती : १९६२ चे चौदा नियम

अनेकांनी मिळून एकच कोश, एकच ग्रंथमाला किंवा, आजच्या काळात, एकच संगणक-आज्ञावली लिहावयाची झाल्यास लेखनाची पद्धत आधी ठरवावी लागते. पायथन ह्या संगणकभाषेसाठी २००१ साली जी लेखनमार्गदर्शिका तयार झाली, तीत ओळ किती लांब असावी, नावे कशी लिहावीत अशा बाबी आहेत. त्यांतील बहुतेकींनी यंत्राच्या कार्यात काही फरक पडत नाही. वाद मात्र अशाच बाबींवर माजतात. मराठीला हा अनुभव फार पूर्वी आलेला आहे.

येथे वादाचे मुख्य स्थान अनुस्वार हे होते. ‘घरांत’, ‘त्यानें’, ‘फुलें’, ‘नांव’ ह्यांवरील टिंबे उच्चारात उरलेली नाहीत, तेव्हा ती लेखनातूनही जावीत, अशी मागणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून होऊ लागली. साने, गोडबोले व हातवळणे ह्यांनी सुचविलेल्या सुधारणा गाजल्या, आणि १९०४ साली टिळकांनी ‘केसरी’तून त्यांची चिकित्सा केली. परंपरावाद्यांचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. ते टिंब विभक्ती, लिंग आणि व्युत्पत्ती ह्यांची खूण होते. उलट, ती खूण सांभाळण्याचा भार शाळेतल्या मुलावर आणि छापखान्यातील जुळाऱ्यावर पडत होता. दोन्ही पक्ष ‘शुद्ध काय?’ एवढेच विचारीत राहिले, म्हणून निर्णय लांबला. अर्धशतकाहून अधिक काळ ज्याने त्याने आपापली पद्धत चालविली.

निर्णय झाला तो प्रश्न बदलल्यावर. १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, आणि राज्यकारभारास व पाठ्यपुस्तकांस कोणती तरी एक पद्धत हवी होती. पुणे, मुंबई, नागपूर व मराठवाडा येथील चार साहित्यसंस्थांचे महामंडळ १९६१ साली निर्माण झाले. त्याने तयार केलेले चौदा नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले. अनुच्चारित अनुस्वार गेले. ‘कवी’, ‘गुरू’ असे शब्द सुटे असता दीर्घान्त आणि समासात ‘कविराज’, ‘गुरुदक्षिणा’ असे ऱ्हस्व ठरले. ही तडजोड फारशी सुखाची नाही, कारण ती पाळण्यासाठी शब्द तत्सम आहे की नाही हे लिहिणाऱ्यास ठाऊक असावे लागते. संस्कृत न शिकलेल्याच्या सोयीसाठी केलेला नियम त्याच्याकडून थोड्याफार संस्कृताचीच अपेक्षा करतो!

१९७२ साली आणखी चार नियमांची भर पडून संख्या अठरा झाली. त्यांतील एक फार शहाणपणाचा आहे : केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य उद्धृत करताना ते मुळाप्रमाणेच छापावे. नवे नियम जुन्या लेखनावर लादावयाचे नाहीत, ही मर्यादा मान्य झाल्याने परंपरेच्या अभिमान्यांनाही ते नियम सोसवण्यासारखे झाले. पायथनच्या मार्गदर्शिकेतही केवळ तिच्या पालनासाठी जुनी चालू आज्ञावली बिघडवू नये, असा संकेत आहे.

एक प्रश्न मात्र ह्या सहमतीत मिटला नाही. ‘अनुच्चारित’ म्हणजे कोणाच्या तोंडी? कोकणातील अनेक बोलींत सानुनासिक स्वर आजही ऐकू येतात. नियम ठरविताना कान दिला गेला तो सुशिक्षित प्रमाण उच्चाराकडे. शहापूर-मुरबाडच्या डोंगराळ भागात घरची बोली ठाकरी किंवा कातकरी असते. शेणव्यासारख्या गावातील शाळेत अशा घरचे मूल ‘उच्चाराप्रमाणे लिहा’ हे वाक्य ऐकते तेव्हा त्यातला उच्चार त्याचा नसतो. टिंब गाळल्याने पुण्याच्या मुलाचे जेवढे ओझे उतरले तेवढे ह्या मुलाचे उतरले नाही; त्याला आधी तो उच्चार शिकावा लागतो आणि मग त्याचे लेखन.