खिशाला लावलेली लेखणी

वाशीच्या खाडीपुलावरून जाताना लोक पाण्यात नाणी टाकतात, निर्माल्य टाकतात. आमच्या अब्बांनी पेन टाकला. मुद्दाम नव्हे. १९८४ सालची गोष्ट. वाशीपर्यंत लोकल यायला अजून आठ वर्षं होती, त्यामुळे अब्बा बसनं मशीद बंदरला जात. तिथं एका पेढीवर ते कारकून होते. बसमध्ये शेजारच्या आजींनी निर्माल्याची पुडी पुढे केली, 'भाऊ, तेवढं खाडीत सोडा' म्हणाल्या. अब्बा खिडकीतून वाकले आणि पुडीबरोबर खिशातला पेनही गेला. त्याची क्लिप महिनाभर आधीच तुटली होती. तिच्या जागी अब्बांनी रबरबँड गुंडाळलं होतं.

त्या दिवशी पेढीवर त्यांना दुसऱ्याकडे पेन मागावा लागला. कारकुनानं पेन मागणं म्हणजे न्हाव्यानं वस्तरा मागण्यासारखं. घरी आल्यावर ते जेवले नाहीत एवढं मला आठवतं. तेव्हापासून माणूस आपली लेखणी अंगावर कुठे ठेवतो, याकडे माझं लक्ष जाऊ लागलं.

आपल्याकडे लेखणीची सर्वांत जुनी जागा म्हणजे कान. बोरू कानावर ठेवायचा आणि कामाला लागायचं. मोडीतली दप्तरंच्या दप्तरं ज्यांनी लिहिली त्या कारकुनांचा बोरू कानावर, नाहीतर कलमदानात. कलमदान म्हणजे दौत आणि लेखण्या एकत्र ठेवायची पेटी. शेल्यात किंवा कमरबंदात खोवता येतील अशी पितळी कलमदानंही असत. बोरूला टोपण नव्हतं, पोटात शाई नव्हती, त्यामुळे त्याला उभं धरून ठेवायची गरज नव्हती. पुढे टाक आला. त्याची दांडी लाकडी, टोकाला धातूचं निब. तोही दौतीशेजारी पडून राहायचा. म्हणजे शेकडो वर्षं लेखणी बैठकीची होती. जिथं गादी, तक्का, चौरंग, तिथं लेखणी.

ती खिशात आली फाउंटन पेनमुळे. न्यूयॉर्कच्या वॉटरमनला १८८४ साली त्याचं पेटंट मिळालं. पण पोटात शाई घेऊन फिरणारं हे यंत्र आडवं झालं की गळायचं. सदरे खराब झाले, कोट खराब झाले. पेन खिशात उभा राहावा म्हणून क्लिप आली. सुरुवातीला ती वेगळी विकत मिळायची, टोपणावर चढवायची. मग टोपणाला भोक पाडून रिव्हेट ठोकू लागले. १९१६ साली पार्कर कंपनीनं वॉशरची युक्ती काढली. क्लिपच्या वरच्या टोकाला एक कडी, ती टोपणाच्या माथ्यावर बसवायची आणि वरून शेंडा आट्यांनी आवळायचा. भोक नाही, रिव्हेट नाही. आजही हातानं पेन बनवणारे बहुतेक कारागीर याच युक्तीवर चालतात.

दुसऱ्या महायुद्धात एक गंमत झाली. अमेरिकन सैनिकाच्या गणवेशाच्या खिशावर झाकण असायचं आणि खिशाबाहेर काही डोकावता कामा नये असा दंडक होता. शेफर कंपनीनं क्लिप टोपणाच्या अगदी शेंड्यावरून वळवून आणली, तेव्हा पेन पूर्ण खिशात बुडू लागला.

आपल्याकडे मात्र उलट झालं. इथं पेन दिसायलाच हवा होता. गावोगावचे बाबासाहेब आंबेडकरांचे पुतळे आठवून पाहा. हातात ग्रंथ, अंगात कोट आणि वरच्या खिशाला पेन. शिल्पकाराला पेनाचा फक्त शेंडा आणि क्लिप घडवावी लागते, बाकीचा पेन आपण मनानं पाहतो. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षराजवळ येऊ दिलं नाही, त्यांच्या नेत्याची लेखणी कलमदानात बंद नाही, छातीवर आहे. आमच्या नवी मुंबईत, ऐरोलीला, बाबासाहेबांच्या स्मारकाचा घुमटच निबच्या आकाराचा आहे. तो पाहताना मला हटकून खिशातली ती क्लिप आठवते. टोपणाला चिकटलेली ती पट्टी म्हणजे लेखणी आता बैठकीतून उठल्याची खूण आहे.

पेन देशी असावा, ही तळमळही याच महाराष्ट्रात येऊन पोचली होती. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईचा उद्योग सुरू केला, तो पुढे कॅम्लिन झाला. तिकडे आंध्रात राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी हातानं घडवलेला पेन गांधीजींकडे पाठवला. गांधीजी तेव्हा वर्ध्याला मगनवाडीत होते. ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांमार्फत तो पेन त्यांना मिळाला. जुलै १९३५मध्ये त्यांनी रत्नम यांना पत्र लिहिलं. आपण तो वापरून पाहिला, परदेशी पेनांना तो चांगला पर्याय दिसतो, अशा अर्थाचं.

ते पेन एबोनाइटचे, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचे. काळ्याभोर आबनूस लाकडासारखं दिसतं म्हणून त्याला ते नाव पडलं. खरं लाकूड मात्र पेनाच्या कामाला अवघड. ते शाई पितं, आटे धरत नाही आणि पावसाळ्यात फुगतं. तरीही मी लाकडाचाच पेन करून घेतला, कारण लाकूड माझ्याकडे होतं. आमच्या दादीच्या शिसवी पाळण्याचा एक दांडा. पाळणा कधीच मोडला, दांडा उरला. त्या पाळण्यात अब्बा झोपले होते, मीही झोपलो होतो.

तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात एक कारागीर लेथ चालवतात. यंत्रांचे सुटे भाग हा त्यांचा धंदा आणि पेन हा षौक. मी त्यांना उस्ताद म्हणतो, ते मला शायर म्हणतात. मी दांडा त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हणालो, 'उस्ताद, क्लिप नको. लाकूड मोकळं दिसू द्या.'

त्यांनी दांडा वास घेऊन पाहिला. म्हणाले, 'बिनक्लिपचा पेन टेबलावर राहतो, शायर. तुमच्या अब्बांना टेबल होतं का?'

नव्हतं. पेढीवर मांडी घालून बसायचे, गुडघ्यावर चोपडी. मी गप्प बसलो.

'मग क्लिप बसवतो,' ते म्हणाले, 'पण सांधा दिसणार नाही.'

त्यांनी लाकूड एक अख्खा पावसाळा गाळ्यात नुसतं ठेवून दिलं. खाडीची हवा त्याला पचू दे म्हणाले. दिवाळीनंतर काम सुरू झालं. लाकडाला आरपार भोक, आत एबोनाइटच्या नळीचं अस्तर, कारण आटे तिच्यात पाडायचे. मग टोपणाच्या माथ्याला आतून एक बैठक कोरली, क्लिपची कडी बरोबर मावेल एवढीच. खरी कसोटी खाचेची. क्लिपची मान कडीतून बाहेर येते, तिच्यासाठी टोपणाच्या काठाला एक खाच पाडावी लागते. सोनाराची बारीक करवत, मग सुईसारखी कानस. खाच उथळ राहिली तर शेंडा नीट बसत नाही, फट दिसते. खोल गेली तर लाकूड त्याच रेषेत खाली चिरत जातं. रुंदीला केसभर जागा सोडायची, कारण पावसाळ्यात लाकूड आडवं फुगतं आणि क्लिपची मान आवळतं. शेवटी शेंडा फिरवून आवळला की त्याची कड खाचेचं तोंड झाकते. शेंड्याचं लाकूड त्याच दांड्याचं, त्याच्या रेषा खालच्या रेषांशी जुळेपर्यंत त्यांनी तो तीनदा काढला, तीनदा घातला. मग बघावं तर क्लिप लाकडातूनच उगवल्यासारखी दिसते.

मी रत्नागिरीकडचा. हे पाहून मला आंब्याचं कलम आठवलं. तिथंही खाच, तिथंही पाचर, आणि काही वर्षांनी जोड कुठे होता ते मालकालाही सापडत नाही. आपल्या भाषेत लेखणीही कलम, आंब्याचं रोपही कलम आणि कायद्याचं पोटकलमही कलमच. अरबीतून आलेला हा शब्द. कुराणातल्या एका सुऱ्याचं नाव 'अल-कलम' आहे. दौतही तिकडचीच आणि शाई म्हणजे फारसीतली सियाही. मराठी लिहायला बसलं की हे सगळे पाहुणे आपापल्या जागी बसलेले असतात, आणि ते पाहुणे आहेत हे कुणाच्या लक्षातही येत नाही. मला कुणी विचारतं, 'तुम्ही मुसलमान असून मराठीत कशी कविता लिहिता?' त्यांना मी आता हा पेन दाखवतो आणि विचारतो, यात सांधा कुठे आहे ते सांगा.

उस्तादांनी पैसे घेतले ते फक्त निब आणि क्लिपचे. मजुरी नाही. म्हणाले, पाळण्याची मजुरी घेत नसतात.

या जुलैमध्ये क्लिप भलतीच घट्ट झाली. खिशाला लावताना कापड ओढायची, शिलाई उसवेल अशी भीती वाटली. मी फोन केला. ते लेथच्या आवाजावरून ओरडले, 'तिला हात लावू नका. कानस तर मुळीच लावू नका. ऑक्टोबरची ऊन पडली की आपोआप सैल होईल. नाही झाली तर या, बघू.'