मधल्या वरंब्यावरचं चाक

गाडवाट जुनी झाली की तिच्यात दोन चाकोऱ्या पडतात. बैलगाडीच्या लोखंडी धावा वर्षानुवर्षं त्याच रेषेवरून जातात, माती दबते, पावसाचं पाणीही तिथूनच वाहू लागतं आणि मधे गवताचा एक वरंबा उंच राहून जातो. बैलगाडीला या वरंब्याचा त्रास नसतो. तिची चाकं मोठी आणि आख चाकांच्या मध्यावर, म्हणजे जमिनीपासून चांगला दोन फूट वर. पुढे ट्रॅक्टर आले, जीप आल्या, त्याही याच दोन चाकोऱ्या धरून निघाल्या. तीनचाकीची मात्र इथे पंचाईत होते. मागची दोन चाकं चाकोऱ्यांत उतरतात, पुढचं एकटं चाक वरंब्यावर चढतं. गाडीचं नाक वर, बूड खाली, आणि मागच्या आसाचा मधला, सगळ्यात जाड भाग नेमका त्या वरंब्यावर घासतो.

दुचाकीस्वार दगड दिसला की हँडल जरा वळवून बाजूने निघतो. मोटारवाला तोच दगड दोन चाकांच्या मधे घेतो. तीनचाकीवाल्याला यातलं एकही सहज जमत नाही, कारण तिची चाकं तीन वेगळ्या वाटांनी जातात. एका वाटेवरचा खड्डा चुकवला तर दुसरी वाट खड्ड्यात सापडते.

मग गाडी उंच का करत नाहीत? हा प्रश्न सव्वाशे वर्षं विचारला जातोय आणि त्याचं उत्तर दर वेळी वळणावर मिळतं. मोटरसायकल वळताना आतल्या बाजूला झुकते. ट्राइक, म्हणजे मागे दोन चाकं जोडलेली मोटरसायकल, झुकू शकत नाही. पुढच्या चाकापासून मागच्या बाहेरच्या चाकापर्यंत एक तिरकी रेषा ओढली, तर वळणावर गाडीचा तोल या रेषेवर तोललेला असतो. वजन जितकं उंचावर, तितकी गाडी लवकर कलंडणार. म्हणून ट्राइक बांधणाऱ्याने तिचं पोट जाणूनबुजून खाली ठेवलं. घासणं परवडतं, उलटणं परवडत नाही, हा त्यामागचा सरळ हिशेब होता.

सुरुवातीला हा पेच फारसा जाणवला नाही. कार्ल बेंझने १८८६ साली पेटंट घेतलेली पहिली मोटारगाडी तीनचाकीच होती. पुढची दोन चाकं एकाच वेळी नीट वळवण्याची युक्ती त्याला तेव्हा साधली नव्हती; ती १८९३ च्या सुमारास साधली आणि मग त्याने चार चाकं घेतली. बर्था बेंझ १८८८ च्या ऑगस्टमध्ये दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइमला गेली, ती याच तीनचाकीतून. शंभरेक किलोमीटरचा तो रस्ता घोडागाड्यांसाठी केलेला होता. पण बेंझच्या गाडीची चाकंही घोडागाडीसारखीच उंच होती, त्यामुळे पोटाखाली जागा भरपूर होती.

चाकं लहान झाली आणि दुखणं सुरू झालं. हार्ली-डेव्हिडसनने १९३२ च्या मॉडेलांत ‘सर्व्ही-कार’ आणली, तेव्हा अमेरिकेत मंदी होती आणि मोटरसायकलचा खप घसरला होता. कल्पना मोठी व्यवहारी होती. गॅरेजच्या माणसाने सर्व्ही-कारवर बसून गिऱ्हाइकाच्या घरी जायचं, तिचा पुढचा दांडा गिऱ्हाइकाच्या मोटारीच्या मागच्या बंपरला अडकवायचा आणि मोटार चालवत गॅरेजला यायचं. तीनचाकी मागून आपोआप ओढत येणार. दुरुस्ती झाली की हाच प्रवास उलटा. एका माणसात दोन माणसांचं काम. पुढचा अर्धा भाग सरळ मोटरसायकलचा, ४५ क्यूबिक इंचाच्या, म्हणजे सुमारे साडेसातशे सीसीच्या इंजिनाचा. मागे चेनवर चालणारा आस, त्याच्या मधोमध डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाची ताकद दोन्ही चाकांत वाटणारा दातेरी चाकांचा गोळा, आणि वर सामानाची पेटी.

ही गाडी १९७३ पर्यंत बनत राहिली. चार दशकं एक गाडी बाजारात टिकते, तेव्हा तिला तिची जागा सापडलेली असते. सर्व्ही-कारची जागा होती शहराचा सपाट डांबरी रस्ता. पोलीस तिच्यावरून संथपणे फिरत, उभ्या मोटारींच्या टायरवर खडूची खूण करत आणि वेळ संपून गेलेल्यांना चिठ्ठी लावत. अशा कामाला गाडी बुटकी असलेलीच बरी, कारण दिवसभर चढ-उतर करायची. हार्लीच्या गाड्यांमध्ये बटणाचा स्टार्टर पहिल्यांदा आला तोही १९६४ साली याच तीनचाकीवर. दर काही पावलांवर थांबणाऱ्या शिपायाला प्रत्येक वेळी किक मारायला लावणं शहाणपणाचं नव्हतं.

त्याच कुळातलं इंजिन भारतात आलं ते युद्धाच्या वाटेने. दुसऱ्या महायुद्धात हार्लीने लष्करासाठी ‘डब्ल्यूएलए’ नावाची मोटरसायकल हजारोंनी बनवली. तिच्या इंजिनाखाली पोलादी पत्रा बसवलेला असे, दगडावर आपटली तर पत्र्याने मार खावा आणि इंजिनाचा चेंबर वाचावा म्हणून. युद्ध संपल्यावर लष्कराने मागे टाकलेल्या अशा गाड्या दिल्लीच्या मिस्त्र्यांच्या हाती लागल्या. त्यांनी मागचं चाक काढून तिथे दोन चाकांचा सांगाडा जोडला, वर बाकडी आणि छत चढवलं, आणि चांदणी चौक ते कॅनॉट प्लेस अशी भाड्याची गाडी सुरू केली. तिचं नाव फटफटी. मराठी खेड्यांत जुनी माणसं बुलेट-राजदूतला फटफटीच म्हणत आली आहेत. दिल्लीत त्या आवाजाला तीन चाकं होती आणि मागे सहा-आठ उतारू होते. प्रदूषणाच्या कारणावरून १९९८ च्या सुमारास या गाड्या रस्त्यावरून गेल्या. गुजरातेत सौराष्ट्र-कच्छकडे याच जातीचा छकडो दिसतो: पुढे बुलेटचा चेहरा, मधे शेतावरच्या पंपाची आठवण करून देणारं एका सिलिंडरचं डिझेल इंजिन, मागे उघडा हौदा.

अशा गाड्यांत पोटाखालची जागा कागदावर ठरत नव्हती. ती ओझ्याने ठरत होती. रिकामी गाडी वीतभर उंच उभी असली, तरी माणसं, पोती आणि दुधाच्या किटल्या चढल्या की स्प्रिंगचे पाटे सपाट होतात आणि तिचं पोट जमिनीकडे येतं. यावर भारतीय मिस्त्र्याचा उपाय सगळीकडे एकच: पाट्यात आणखी एक पान वाढवायचं. गाडी उंच राहते, रिकामी असताना हाडं खिळखिळी करते, आणि वळणावर पूर्वीपेक्षा लवकर तोल सोडते. तरीही तो उपाय चालत राहिला, कारण चेंबर फुटून गाडी आडरानात थांबली तर दिवसाची कमाई बुडते आणि कलंडण्याची भीती ड्रायव्हर आपल्या हातावर घेतो.

महाराष्ट्राने तीनचाकीचा आणखी एक घाट पाहिला. नवलमल फिरोदियांनी १९५८ साली जर्मनीतल्या विडाल कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पो ही कंपनी उभी केली. ‘टेम्पो’ हे त्या जर्मन गाडीचं नाव, आणि ते मराठीत इतकं मुरलं की आज कुठलीही छोटी मालगाडी टेम्पोच असते. त्या जुन्या तीनचाकी टेम्पोचं इंजिन पुढच्या चाकावरच बसवलेलं होतं आणि चेनने तेच चाक फिरवायचं. लांब नाकामुळे काही भागांत तिच्या प्रवासी रूपाला डुक्कर रिक्षा म्हणत. ओढण्याचं काम पुढच्या चाकाने उचलल्यामुळे मागच्या आसाच्या मधे डिफरन्शियलचा गोळाच राहिला नाही. वरंब्यावर घासणारा सगळ्यात जाड भागच काढून टाकायचा, ही युक्ती इतकी सोपी आहे की तिच्या साधेपणाचं कौतुक वाटतं. चढावर ओझं मागे सरकून पुढचं चाक हलकं झालं की पकड सुटते, ही तिची किंमत.

उंच तीनचाकी करून पाहण्याचा मोठा प्रयोग होंडाने केला. १९७० साली तिने अमेरिकेत फुग्यासारख्या जाड, कमी हवेच्या टायरांची एक गाडी आणली. पुढे ती ‘एटीसी’ या नावाने ओळखली गेली. सस्पेन्शन नव्हतंच. वाळू, चिखल, बर्फ, जे काही झेलायचं ते टायरने. दुसऱ्याच वर्षी ती जेम्स बाँडच्या ‘डायमंड्स आर फॉरेव्हर’ या चित्रपटात दिसली आणि पोराटोरांना तिचं वेड लागलं. कुठलाही वरंबा तिला अडवत नव्हता. पण वळणावर आणि उतारावर ती उलटत होती, आणि तिच्यावर बसणाऱ्यांत मुलं फार होती. अपघातांची संख्या वाढत गेली, तेव्हा १९८८ साली सरकार आणि उत्पादक कंपन्या यांच्यात करार होऊन अशा नव्या तीनचाकींची विक्री अमेरिकेत बंद झाली. उंच तीनचाकीचा सगळा धोका तिथे उघड्या माळावर दिसून आला, आणि त्याची किंमत मुलांनी मोजली.

रस्त्यावरच्या ट्राइक त्यानंतर बुटक्याच राहिल्या. मोठ्या मोटरसायकली विकत घेऊन त्यांना मागे दोन चाकं लावून देण्याचा धंदा अमेरिका आणि कॅनडात १९८० च्या दशकापासून वाढला. लेहमन ही त्यातली जाणती कंपनी. हार्लीने २००९ च्या मॉडेलांत ‘ट्राय ग्लाइड’ आणली तेव्हा सुरुवातीला याच कंपनीची मदत घेतली. गिऱ्हाईक बहुतेक वयस्क, गुडघे-कंबर दुखणारं, जड मोटरसायकल थांबताना पायावर तोलणं ज्याला जमेनासं झालंय असं.

या धंद्यात मागच्या आसाचे दोन पंथ आहेत. आस अखंड असेल तर त्यातला डिफरन्शियल चाकांबरोबरच वर-खाली होतो. गाडीवर एक माणूस बसो की दोन, त्याच्याखालची जागा जवळजवळ तेवढीच राहते. दोन्ही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर गाडी खड्ड्यातून मऊ जाते, पण डिफरन्शियल सांगाड्याला बसवलेला असल्यामुळे ओझं वाढलं की तोही खाली येतो. मागे बायको, पेटीत आठवड्याचं सामान, आणि घरासमोरच्या उताराला गाडी खरवडली, ही तक्रार दुसऱ्या पंथात जास्त. तिच्यावरचा रूढ उपाय म्हणजे हवेचे शॉकॲब्जॉर्बर: निघण्यापूर्वी ओझं पाहून हवा भरायची आणि पोट पुन्हा वर आणायचं.

ट्राय ग्लाइडच्या पोटाखाली जेमतेम पाच इंच जागा आहे, आणि पुढच्या चाकापासून मागच्या आसापर्यंतचं अंतर सुमारे १.६७ मीटर. हे आकडे आपल्याकडच्या गतिरोधकाशी ताडून पाहण्यासारखे आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, त्याच्या पाठीची त्रिज्या १७ मीटर. एवढ्या सौम्य पाठीवर १.६७ मीटरची गाडी चढली, तर दोन चाकांच्या मधे रस्ता फक्त दोन सेंटिमीटर वर येतो. पाच इंच पोटाला तो लागणं शक्य नाही. पण गावाच्या वेशीवर, शाळेसमोर, कुणी तरी पोर गाडीखाली आल्यानंतर रात्रीत टाकलेला हातभर रुंदीचा डांबराचा उंचवटा दोन्ही चाकांच्या मधे पूर्ण मावतो आणि त्याची सगळी उंची पोटाखाली येते. मग तो पाच इंचांहून जरा उंच असला, किंवा गाडी ओझ्याने दबलेली असली, की झालं. रुंदी कमी झाली आणि चेंबर गेला.

आपल्याकडे ही झळ सगळ्यात जास्त कुणाला बसते, तर जे हौसेने ट्राइक चालवत नाहीत त्यांना. पोलिओने पाय गेलेल्या, अपघातात पाय गमावलेल्या माणसांच्या स्कूटरला मागे दोन जोडचाकं लावलेली असतात. भारतातली घरोघरची ट्राइक हीच. १९८० च्या दशकात कायनेटिक होंडा आली, बिनगिअरची, बटणावर सुरू होणारी. पायाचं काम जवळजवळ संपलं आणि अशा स्वारांना ती वरदान ठरली. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये अशा वाहनाला ‘इनव्हॅलिड कॅरेज’ म्हटलं होतं. ते नाव ऐकायलाही नकोसं आहे. २०१९ च्या दुरुस्तीत कायद्याने ‘अनुकूल केलेलं वाहन’ या अर्थाचा शब्द घेतला, हे फार आधी व्हायला हवं होतं.

या स्कूटरची चाकं दहा इंची, पोट मुळातच खाली. त्यात जोडचाकांचा आडवा लोखंडी दांडा इंजिनाच्याही खालून गेलेला असला की तोच आधी गतिरोधकावर आपटतो. शिवाय इथे एक वेगळीच अडचण आहे. स्कूटरचं मूळ मागचं चाक मधे तसंच असतं आणि गाडी तेच ढकलतं. जोडचाकं थोडी जास्त खाली बसवली, तर खोलगट जागेत बाजूची दोन चाकं काठांवर टेकतात आणि मधलं चाक हवेत फिरत राहतं. इंजिन ओरडतंय, गाडी जागची हलत नाही, आणि स्वाराला उतरून ढकलता येत नाही. जोडचाकं जास्त वर बसवली, तर थांबल्यावर गाडी एका बाजूला कलते आणि ज्याच्यासाठी ती केली त्यालाच तिचा भरवसा वाटत नाही. या दोन्हींच्या मधे काम करायला जागा असते ती बोटभर.

जाणता मिस्त्री म्हणून रिकाम्या गाडीवर माप घेत नाही. तो दांड्याचे बोल्ट हाताने लावून ठेवतो, स्वाराला सीटवर बसायला सांगतो, कुबड्या जिथे अडकवायच्या तिथे अडकवतो, घरचं माणूस रोज मागे बसत असेल तर त्यालाही बसवतो. टायर दबतात, स्प्रिंग बसते, गाडी तिच्या खऱ्या उंचीवर येते. मग तो जमिनीवर आडवा होऊन दांडा आणि फरशी यांच्यामधून हात घालून पाहतो, मधलं चाक पूर्ण टेकलंय याची खात्री करतो, आणि स्वार वर बसलेला असतानाच पान्याने बोल्ट शेवटचे आवळतो.