पक्षी वाढवायचे की रान?

समजा, एखाद्या रानातले तित्तर कमी झाले. ते पुन्हा वाढावेत म्हणून काय करता येईल? वर्गात हा प्रश्न विचारून बघा. बहुतेक मुले सांगतील : तित्तर पाळावेत, त्यांची अंडी उबवावीत, पिल्ले मोठी करावीत आणि रानात सोडून द्यावीत. उत्तर अगदी सरळ आहे. कोंबड्यांची संख्या आपण अशीच तर वाढवतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतले शिकारी आणि तिथली सरकारेही असाच विचार करत होती. हा विचार अपुरा आहे हे कसे लक्षात आले, त्याचा इतिहास मोठा उद्‌बोधक आहे. त्यात शिकारी कुत्रे आहेत, एक कुटुंब आहे आणि कोंबड्यांचे एक जुने खुराडेही आहे.

एका घराचा एक कुत्रा

आधी कुत्र्यांविषयी. इंग्लंडमधल्या जमीनदारांकडे शिकारीच्या प्रत्येक कामाला वेगळा कुत्रा असे. पक्षी शोधणारा एक, झुडपातून उठवणारा दुसरा आणि पडलेला पक्षी उचलून आणणारा तिसरा. एवढे कुत्रे पाळणे सामान्य माणसाला परवडणारे नव्हते. जर्मनीत १८४८ च्या क्रांतीनंतर दुसऱ्याच्या जमिनीवर शिकार करण्याचा सरदारांचा जुना हक्क गेला आणि शिकारीचा हक्क जमिनीच्या मालकीशी जोडला गेला. त्यामुळे शिकार मध्यमवर्गाच्याही आवाक्यात आली. या लोकांना हवा होता शोधणे, माग काढणे, पाण्यात उतरणे, उचलून आणणे ही सगळी कामे करणारा एकच कुत्रा. शिवाय तो घरात मुलाबाळांसोबत राहणारा हवा होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे अशा अष्टपैलू जाती पद्धतशीरपणे घडवण्यात आल्या. जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर ही त्यांतली एक प्रसिद्ध जात. १९२५ साली ती अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात पोहोचली.

पक्ष्याचा वास लागला की हा कुत्रा जागच्या जागी थिजतो. पुढचा एक पाय उचललेला, नाक नेमके पक्ष्याच्या दिशेला. गवतात दबून बसलेला तित्तर आपल्याला चार हातांवरूनही दिसत नाही, पण कुत्र्याला तो वासावरून कळतो. म्हणजे रानात पक्षी आहेत की नाहीत आणि आहेत तर कुठे, हे सांगणारे हे एक जिवंत उपकरणच झाले. स्कॉटलंडमधल्या ग्राउझ पक्ष्यांची गणती आजही अशाच कुत्र्यांच्या मदतीने केली जाते.

पक्ष्यांची शेती

दुसरीकडे पक्ष्यांची पैदास जोरात सुरू झाली होती. १८८० च्या दशकात चीनमधले फेझंट अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात सोडले गेले. ते तिथे इतके फोफावले की १८९२ मध्ये त्यांची शिकार खुली करण्यात आली. या यशामुळे सर्वांचा उत्साह वाढला. ठिकठिकाणी सरकारी पक्षिपालन केंद्रे निघाली. तिथे फेझंट, लावे आणि टर्की यांची अंडी खुडुक कोंबड्यांखाली किंवा उबवणी यंत्रात उबवत. पिल्ले वाढवून ती रानात सोडत. फेझंट रुजले ते मुख्यतः धान्याची शेते आणि त्यांच्या कडेचे गवत जिथे त्यांना मानवले तिथे. इतर बऱ्याच ठिकाणी सोडलेले पक्षी बघता बघता नाहीसे होत. मग पुढच्या वर्षी आणखी पक्षी सोडायचे! ते जातात कुठे, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नव्हते.

हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी एक म्हणजे आल्डो लिओपोल्ड (१८८७–१९४८). ते वनशास्त्राचे पदवीधर होते आणि लहानपणापासून शिकारीही. १९२८ पासून त्यांनी अमेरिकेच्या उत्तर-मध्य राज्यांमधल्या शिकारी पक्ष्यांची आणि प्राण्यांची पाहणी केली. गंमत म्हणजे या कामाचा खर्च बंदुका आणि काडतुसे बनवणाऱ्या कारखानदारांच्या संघटनेने उचलला होता. पक्षीच उरले नाहीत तर काडतुसे घेणार कोण? १९३३ मध्ये लिओपोल्ड यांचा ‘गेम मॅनेजमेंट’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठात ते या विषयाचे प्राध्यापक झाले. माणसाने वापरलेल्या उपायांचा क्रम त्यांनी या ग्रंथात मांडला आहे : आधी शिकारीवर बंधने, मग शिकारी प्राण्यांचा नायनाट, मग राखीव क्षेत्रे, मग पैदास करून पक्षी सोडणे आणि सर्वांत शेवटी अन्न, पाणी, आसरा यांची काळजी घेणे. जे आधी करायला हवे होते, ते माणसाला सगळ्यांत शेवटी सुचले होते.

बर्फातले माग

याला प्रत्यक्ष पुरावा काय? पॉल एरिंग्टन या तरुण संशोधकाने १९२९ पासून विस्कॉन्सिनमधल्या प्राअरी द्यु सॅक या गावाजवळ बॉबव्हाइट लाव्यांचा अभ्यास सुरू केला. हिवाळ्यात लावे थव्याने राहतात आणि बर्फावर त्यांचे माग स्पष्ट उमटतात. एरिंग्टन ते माग वाचून शेताशेतातले लावे मोजत. त्यांना असे आढळले, की एका शेतात हिवाळ्याच्या सुरुवातीला लावे कितीही असोत, हिवाळा संपताना उरणारी संख्या त्या जागेतले अन्न आणि आडोसा यांवर अवलंबून असते. जास्तीचे लावे भुकेने, थंडीने किंवा घुबडाच्या तोंडी पडून जातात. हा नियम सुरुवातीला वाटला तितका काटेकोर नाही, हे पुढच्या अभ्यासांतून दिसले. पण मुख्य मुद्दा टिकला. भरलेल्या घागरीत वरून पाणी ओतले तर ते सांडणारच. आधी घागर मोठी करायला हवी.

खुराड्यातले विद्यापीठ

१९३५ मध्ये लिओपोल्ड यांनी विस्कॉन्सिन नदीकाठचे एक उजाड शेत विकत घेतले. शिकारीला गेल्यावर मुक्कामाला जागा हवी, हा मूळ हेतू. तिथे उभे होते फक्त कोंबड्यांचे एक खुराडे. लिओपोल्ड, त्यांची पत्नी एस्टेला, पाच मुले आणि गस नावाचा जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर सुटीच्या दिवशी तिथे जात. कुटुंबाने खुराडे साफ करून राहण्याजोगे केले आणि पाइनची रोपे लावायला सुरुवात केली. १९३६ च्या दुष्काळात बहुतेक रोपे मेली. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा लावली, नंतरही दरवर्षी लावत राहिले. गस कुठे थांबतो, कोणत्या झुडपातून पक्षी उठतात, कोणते फूल कधी उमलले, हंस कधी आले, याकडे सगळ्यांचे लक्ष असे. लिओपोल्ड या नोंदी वहीत लिहून ठेवत. पक्ष्यांविषयी कुत्र्याला आपल्यापेक्षा जास्त कळते, हे त्यांनी पुढे आपल्या लेखनात मिस्किलपणे कबूल केले आहे.

या घरातून काय बाहेर पडले बघा. पाचही मुले निसर्गाच्या अभ्यासाकडे वळली आणि त्यांपैकी तिघांची अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवड झाली. थोरला मुलगा स्टार्कर याने तर वडिलांच्या प्रश्नाचा दुसरा भाग हाती घेतला. जागा चांगली असूनही पाळीव पक्षी का टिकत नाहीत? मिसुरी राज्याने अनेक वर्षे पाळीव रक्ताच्या हजारो टर्की रानात सोडल्या होत्या. स्टार्करने अस्सल रानटी टर्की आणि या संकरित टर्की यांची तुलना केली. रानटी पक्ष्यांचा मेंदू मोठा होता आणि काही अंतःस्रावी ग्रंथीही मोठ्या होत्या. आईने धोक्याची हाक दिली की रानटी पिल्ले जिथल्या तिथे दबून बसत. संकरित टर्की मात्र हंगामाच्या फार आधी अंडी घालत आणि थंडी-पावसात पिल्ले दगावत. हे संशोधन १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे १९५४ पासून मिसुरीने रानातल्याच टर्की पकडून दुसऱ्या रानात नेऊन सोडल्या. त्यांची संख्या वाढली आणि १९६० मध्ये शिकारही पुन्हा खुली करता आली.

पाळीव पक्ष्यांच्या आणखीही अडचणी नंतर समजल्या. तयार खाद्यावर वाढलेल्या तित्तरांचे आतडे रानातल्या तित्तरांपेक्षा आखूड राहते. त्यामुळे रानातले चिवट अन्न त्यांना नीट पचत नाही. तित्तराच्या पिल्लांना पहिले काही आठवडे किडे लागतात. इंग्लंडमध्ये तणनाशकांमुळे शेतातले तण गेले, तणावरचे किडे गेले आणि त्यापाठोपाठ तित्तरही कमी झाले. उपाय म्हणून शेताच्या कडेचा एक पट्टा पुरेशा फवारणीविना ठेवल्यावर पिल्ले जास्त जगू लागली.

वहीचे पुढे काय झाले?

२१ एप्रिल १९४८ रोजी शेजाऱ्याच्या शेतात लागलेला वणवा विझवताना लिओपोल्ड यांना मृत्यू आला. त्यांच्या नोंदी १९३६ ते १९४७ या काळातल्या होत्या. १९७६ पासून त्यांची मुलगी नीना हिने त्याच शेतावर त्याच प्रकारच्या नोंदी पुन्हा सुरू केल्या. १९९९ मध्ये नीना, तिचा भाऊ कार्ल आणि त्यांचे सहकारी यांनी दोन्ही काळांतल्या ५५ घटनांची तुलना प्रसिद्ध केली. वसंतातल्या या घटना दरवर्षी सरासरी ०.१२ दिवस आधी घडू लागल्या होत्या. ऐकायला हा आकडा किरकोळ वाटतो, पण साठ वर्षांत तो एक आठवडा होतो. हवामानबदलाचा हा पुरावा सुटीतल्या नोंदींमधून मिळाला.

हा इतिहास आपल्यापासून दूरचा नाही. २०१९ पासून राजस्थानात माळढोकाची अंडी रानातून आणून उबवली जात आहेत आणि पिल्ले वाढवली जात आहेत. पक्षी इतके थोडे उरले आहेत की हे करणे भागच आहे. पण ही पिल्ले उद्या सोडायची कुठे? आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर माळढोक दिसणे आता अतिशय दुर्मीळ झाले आहे. माळ नांगरले जात आहेत, विजेच्या तारा वाढत आहेत आणि गवताळ जमिनीला आपण अजूनही ‘पडीक’ म्हणतो. उबवणी यंत्राने वेळ मिळेल, माळ मिळणार नाही.

शाळेजवळ एखादे माळरान किंवा बांध असेल तर मुलांना एक वही घालून द्या. पहिला तित्तर कधी ओरडला, बहावा कधी फुलला, गवत कधी वाळले, एवढेच तारखेसह लिहायचे. पुढच्या वर्षीच्या वर्गाने तीच वही पुढे चालवायची.